सायबिणीचं एकतिसावं घर

मला लोक विचारतात, "बाई, इतकी वर्षं चर्चची नोकरी केलीत, किती जणांना बाटवलंत?" बाजारात विचारतात, एसटीत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असताना विचारलं. मी खरं ते सांगते. एकालाही नाही. माझ्या हातून धर्मांतर झालं ते फक्त पाद्र्यांचं. केरळचे, मंगळूरचे, वसईचे, एक तर पार झारखंडचा, असे अकरा जण बदली होऊन आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर आले आणि तीन-चार वर्षांत पुरते मालवणी होऊन गेले. त्यांतले निम्मे माझ्यावर चिडून गेले, ही गोष्ट वेगळी.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मिशनचं काम म्हणजे नेमकं काय, ते आतल्या माणसानं लिहा." मी आधी हसले. मिशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा झगा घातलेला गोरा माणूस येतो आणि त्याच्या हातात दूध पावडरचा डबा. मी माझ्या उभ्या आयुष्यात असा माणूस पाहिलेला नाही. मी पाहिलेला मिशनरी म्हणजे कणकवली स्टेशनवर उतरलेला, बॅगेत घरच्या लोणच्याची बरणी फुटलेला, तिशीतला भांबावलेला पोरगा. त्याला न्यायला रिक्षा घेऊन मी जायची.

मी धर्मशिक्षिका. चौतीस वर्षं एकाच चर्चमध्ये. काम साधं. रविवारी पोरांना प्रार्थना आणि धर्माचे धडे द्यायचे, लग्न ठरलेल्या जोडप्यांना बसवून चार गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याची विचारपूस करायची, मयताच्या घरी प्रार्थनेला सुरुवात करून द्यायची. वाडीत मला कोणी मार्था म्हणतं, कोणी टीचर. आमच्यात पाद्री बदलत राहतो आणि टीचर तीच राहते, त्यामुळे कागदावर कुठेही न लिहिलेलं एक काम आपसूक माझ्याकडे आलं. नव्या पाद्र्याला माणसांत आणायचं काम.

पहिला धडा मी परतीच्या वाटेत कसालला द्यायची, चहा घेता घेता. "फादर, इकडे कुणाच्या घरी गेलात आणि चहा नको म्हणालात, तर ते कुणी खरं धरत नाही. दुसऱ्यांदा म्हणालात तरी धरत नाही. तिसऱ्यांदा म्हणालात तर मात्र ती बाई वर्षभर लक्षात ठेवते." ते बिचारे सात-आठ वर्षं तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकून आलेले. माझ्याकडे बघत राहायचे. पुढे एका सकाळी नऊ घरी नऊ कप चहा पिऊन पोट धरून आले की मग माझं ऐकायला लागायचे.

मंगळूरचे एक फादर होते. पहिल्याच आठवड्यात तोंड पाडून आले. वाडीतल्या जुझेफीन म्हातारीने त्यांना रस्त्यात हाक मारली होती, "मेल्या, जेवलंस काय नाय?" ते मला म्हणाले, "टीचर, मी मेलो असं ती का म्हणते? मी तिचं काय वाईट केलं?" आता काय सांगू कपाळ! मी म्हटलं, "फादर, ती तिच्या पोटच्या झिलालाही हेच म्हणते. ज्या दिवशी ती तुम्हाला 'अहो फादर' म्हणेल ना, त्या दिवशी काळजी करा." चार वर्षांनी बदली होऊन जाताना त्यांनी त्याच म्हातारीला मिठी मारली आणि ती रडत रडत त्यांना तेच म्हणाली. फादर तेव्हा माझ्याहून जास्त रडले.

प्रवचनाचं तर विचारूच नका. पाद्री बाहेरून येतो तो मेंढपाळ आणि मेंढरं घेऊनच येतो. आमच्या किनाऱ्यावर मेंढरू पाहिलंय कोणी? मी एका फादरांना म्हटलं, "जाळ्याचा दाखला सांगा. आमच्याकडे रापण आहे." रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. वीस-पंचवीस माणसं लागतात, हिंदू-ख्रिस्ती सगळी एकाच दोराला. फादर खूश झाले. रविवारी त्यांनी मोठ्या तयारीने सांगितलं की येशूने म्हटलंय, जाळं किनाऱ्यावर ओढतात, चांगले मासे टोपल्यांत भरतात आणि वाईट फेकून देतात, शेवटच्या दिवशी माणसांचंही तसंच होईल. लोक मन लावून ऐकत होते. बाहेर पडताना रापणीचा एक म्हातारा फादरांपाशी थांबला. म्हणाला, "फादर, सगळा बरा सांगितलात. पण नको तो मासो आमी फेकणव नाय. सुकवतंव आणि माडाक खत घालतंव. फुकट काय्येक जायत नाय."

  फादर शनिवारी मला म्हणाले, "टीचर, त्या म्हाताऱ्याने माझा नरक काढून घेतला." मी म्हटलं, "बरं झालं, जागा रिकामी झाली." पुढच्या रविवारी त्यांनी देवाच्या दयेवर जे प्रवचन दिलं, तसं मी आजपर्यंत ऐकलेलं नाही, आणि त्यात एकही मेंढरू नव्हतं.

असं हे आमचं मिशन. वरून धर्म खाली येतो आणि खालून म्हातारे तो दुरुस्त करून परत पाठवतात. मध्ये मी. पाद्र्याला वाडी समजावायची आणि वाडीला पाद्री. मला दोन्हीकडचं सगळं कळतं असा माझा समज होता, आणि अजूनही बराचसा आहे. गर्व आहे मला या कामाचा, का नसावा? पण याच गर्वाने एकदा मला तोंडघशी पाडलं. आजवर ते कुठे बोलले नाही. आता नोकरीतून मोकळी झाले आहे, तर लिहूनच टाकते.

ऑक्टोबर हा आमचा तेर्साचा महिना. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, पन्नास मण्यांवर पन्नासदा म्हणायची. या महिन्यात मारिया माउलीची छोटी मूर्ती, आमची सायबीण, काचेच्या लाकडी पेटीत बसून घरोघर राहायला जाते. एका घरी एक दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरची बाई पेटी स्वतःच्या हातांवर घेते, मागून सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन गात निघते, आणि ती पेटी पुढच्या घरच्या माणसाच्या हातांत देते. यात पाद्र्याचं काही काम नसतं. हे सगळं घराघरांचं आहे.

आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं तीस, आणि ऑक्टोबरचे दिवस एकतीस. तो उरलेला एक दिवस आनंदीचा, आणि एकतिसावं घर तिचं.

आनंदी ख्रिस्ती नाही. ग्रामदेवतेच्या जत्रेत तिच्या घराचा मान आहे, गणपतीला तिच्या घरी अकरा दिवस आरत्या घुमतात. तिने कधी मला ख्रिस्ती व्हायचंय म्हटलं नाही आणि मीही कधी तिला विचारलं नाही, दोघींच्या मनात तसलं काही आलंच नाही. आम्ही एका शाळेत एका बाकावर होतो. तिचं सासर आमच्या वाडीत, कातरीन आणि बस्त्याव यांच्या दोन ख्रिस्ती घरांच्या बरोबर मध्ये. तिची सासू सुईण होती. वाडीतली अर्धी माणसं त्या बाईच्या हातांवर जन्मली. बस्त्यावचा जन्म फार अवघड झाला होता. तो वाचला तेव्हा त्याच्या आईने सांगून ठेवलं, की जिच्या हातांत माझा झील पहिला आला, तिच्या हातांतूनच सायबीण माझ्या घरात यायला हवी. तेव्हापासून कातरीनच्या घरून सायबीण आनंदीच्या घरी जाते आणि आनंदीच्या घरून बस्त्यावकडे. सासूमागे हे आनंदीने चालवलं. ती सायबिणीची ओटी भरते, नारळ, तांदूळ, खण घालून, जशी माहेरवाशिणीची भरावी तशी.

हे मी पाद्र्यांना सांगत नसे. एका फादरांनी पूर्वी वेदीवरून माझं नाव घेऊन मला सुनावलं होतं. माझा गुन्हा काय, तर मी नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून चर्चच्या दाराला बांधल्या. "ही टीचर तुम्हाला मागे नेते आहे," असं ते भर मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, म्हणाले. मी वेदीमागच्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडले होते. त्यानंतर मी शहाणी झाले. सायबिणीच्या घरांची यादी चर्चमध्ये द्यायची तेव्हा आनंदीच्या तारखेपुढे मी नुसती एक आडवी रेघ ओढायची. कुणी फादर यादी इतकी बारकाईने वाचत नसत.

मग फादर जोबी आले. केरळचे, रोमला शिकलेले. निरनिराळ्या संस्कृतींत ख्रिस्ताचा संदेश कसा रुजतो, अशा काहीशा विषयावर त्यांनी जाडजूड प्रबंध लिहिलेला. मराठी छापील पुस्तकासारखं बोलायचे आणि खिशात कायम वही. हे काय, ते काय, हे का करतात, कधीपासून करतात? मला वाटायचं, हा माणूस आमच्या चुकाच टिपतोय. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना ठणकावून सांगितलं, "आमच्या वाडीत सगळं नियमानं चालतं, फादर."

त्याच वर्षी शिमग्यानंतर आनंदीचा नवरा दत्ताराम गेला. रापणीचा माणूस, तीन दिवसांच्या तापाने गेला. मुलगा बोटीवर नोकरीला, तो येऊन विधी करून परत गेला. आनंदी एकटी राहिली. गणपती झाल्यावर एकदा मी तिच्या पडवीत बसले होते. ती शेंगा सोलत होती. एकदम म्हणाली, "मार्था, औंदा सायबिणीची ओटी मीच भरतलंय हां. दुसऱ्या कोणाक सांगू नको."

मी म्हटलं, "तुझ्याशिवाय कोण भरतलो?"

"तसा न्हय गो. हळदीकुंकवाक आता माका कोण बोलवणत नाय. गौरीक सुपातसून ओवसो भरताना मी माझ्याच घरात मागल्या दारी बसान होतंय. पण तुझी सायबीण काय म्हणाची नाय."

"कशावरून?"

"अगो, तुमच्या चित्रात बघलंय मी. झील खुर्सार चडवलो तेव्हा ती एकटीच उभी आसा. घोव खंय दिसता? म्हणजे तो आदीच गेलो. ती पण माझ्यासारखीच बिनघोवाची मगे. ती माका कशाक नाय म्हणात?"

मी चौतीस वर्षं मारियेवर धडे घेतले. क्रुसाखाली उभी असलेली ती विधवा आहे, हे मला कधी सुचलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, भर बाई, तूच भर. ती हसली. दत्ताराम गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

हे सगळं माहीत असताना मी पुढे जे केलं, ते केलं.

सप्टेंबरच्या शेवटी फादर जोबींनी यादी मागितली. म्हणाले, "टीचर, यंदा एकच यादी करू. मी चर्चमध्ये वाचून दाखवतो आणि तुम्ही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका." मी कागद दिला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि ते बोट रेघेवर थांबलं.

"इथे नाव नाही."

बस. एवढंच म्हणाले. चढ्या आवाजात नाही, रागाने नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ती वेदी आली, त्या लोंब्या आल्या, त्यांची ती वही आली. मी म्हटलं, "राहून गेलं, फादर. बस्त्यावकडे यंदा दोन दिवस आहेत." आणि त्यांच्याच पेनाने रेघेवर बस्त्यावचं नाव लिहून टाकलं. ते म्हणाले, "छान." मी बाहेर आले.  स्वतःला सांगितलं, पाद्री मला ठाऊक आहेत, हा नाहीच म्हणणार होता, निदान वाडीची अब्रू वेदीवरून तरी जायची नाही. आनंदीला आपण समजावून सांगू.

यादी ग्रुपवर गेली. आनंदीचा फोन साधा, तिला काही दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं, पण तिला तोंडावर जाऊन सांगायला कुणी धजलं नाही. मला फोनवर फोन. "आनंदीचो दिवस खंय गेलो? नव्या फादरान बंद केल्यान काय?" मी काय म्हणावं? मी म्हणायची, "बघूया, बघूया." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन दिवसांत सगळी वाडी धरून चालली की फादरांनीच बंद केलं. लोक त्यांच्याशी तुटक बोलायला लागले. ते मला विचारायचे, "टीचर, माझं काही चुकलं का?" आणि मी, त्यांना माणसांत आणणारी बाई, म्हणायची, "नाही हो फादर, भातकापणीचे दिवस आहेत, लोक दमलेत."

आनंदीकडे मी रोज जाणार होते. एक तारखेला जाणार होते, पाचला जाणार होते, बाराला तर तिच्या फाटकापर्यंत गेले आणि ती नाही असं बघून सुटल्यासारखी परतले. ती मागे विहिरीवर आहे हे मला पोहऱ्याच्या आवाजावरून कळलं होतं.

तिचा दिवस अठरावा. त्या संध्याकाळी कातरीनच्या घरून आम्ही निघालो, आणि नेमके त्या दिवशी फादर जोबी आले. म्हणाले, "मला बघायचंय." कातरीनच्या हातांवर पेटी, मुलींच्या हातांत मेणबत्त्या, मी पुढे गाणं सांगत. वळण घेतलं आणि आनंदी दिसली.

अंगण सारवलेलं. फाटकापासून पायरीपर्यंत रांगोळी. ती फाटकात उभी, धुतलेलं फिकं लुगडं, डोक्यावर पदर, हातांत सूप, सुपात नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. पायरीवर समई लावलेली. कातरीनने काही विचार केला नाही, दरवर्षीच्या सवयीने तिचे पाय फाटकाकडे वळले.

मी म्हटलं, "कातरीन, फुडे चल."

"अगो, हयच मगे?"

"फुडे."

तिने माझ्याकडे बघितलं, मागे फादरांकडे बघितलं आणि मान खाली घालून पुढे निघाली. गाणं बंद पडलं. मी एकटीच गात होते.  आनंदी सूप तसंच धरून उभी राहिली. माझी हिंमत झाली नाही तिच्या तोंडाकडे बघायची.

दहा-बारा पावलांवर बस्त्यावचं घर. तो इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर उभा होता. पन्नाशीचा गडी, मुलखाचा अबोल, मासे आणि जाळं याशिवाय फार बोलत नाही. कातरीनने पेटी पुढे केली. त्याने हात पाठीमागे बांधले.

"आनंदी खंय आसा?"

मी म्हटलं, "औंदा तुझ्याकडे दोन दिवस आसा सायबीण. घी."

"दोन दिवस घेतंय. चार दिवस देवा. पण आनंदीच्या हातातसून. तशी मी घेवचंय नाय."

"बस्त्याव, लोक उभे आसत."

"रवंदेत उभे." मग तो फादरांकडे वळला. "फादर, रागवा नको. माझो जलम आनंदीच्या सासवेच्या हातार झालो. सायबीण माझ्या घराक तिच्याच घरातसून येता. तुमी बंद केलात, तुमची मर्जी. माझो दरवाजो, माझी मर्जी."

पेटी जड असते. कातरीनने ती छातीशी टेकवून धरली होती. पण ती पेटी कुणी घेईना, कारण घ्यायची ती पुढच्या घरानेच. मागे परत न्यायची पद्धत नाही आणि पुढे दार बंद. सायबीण रस्त्यावर. आमच्या वाडीत असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांचे डोळे फादरांवर.

फादर जोबी गोंधळून म्हणाले, "मी काय बंद केलं? आनंदी कोण?"

 लोकांना कळेना. मला कळलं. त्या माणसाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं, कारण मी ते त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मी बोलले. सगळ्यांदेखत बोलले, मालवणीत बोलले, म्हणजे आनंदीलाही ऐकू जावं. "फादरांनी काय्येक बंद करूक नाय. तिचो दिवस मी काढलंय. मीच बस्त्यावाचा नाव घातलंय. तुमी इचारल्यात तेव्हा पण मी सांगूक नाय."

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. कातरीन तर माझ्याकडे बघतच राहिली. फादर जवळ आले. हळू विचारलं, "टीचर, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"मला उत्तर माहीत होतं, फादर."

"काय उत्तर?"

"तुम्ही नाही म्हणणार."

 त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, "मी काय म्हणालो असतो ते मलाच माहीत नाही. कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलं असतंत तर मी तिच्या घरी तरी गेलो असतो." आणि ते वळून आनंदीच्या फाटकाकडे चालू लागले.

मी अकरा पाद्र्यांना शिकवलं होतं की माणसाला भेटल्याशिवाय त्याच्याबद्दल मत करू नका. माझं मत मात्र बाराव्याबद्दल तो कणकवलीला उतरण्याआधीच तयार होतं. लाज वाटली मला. आजही लिहिताना वाटते.

आनंदी अजून तिथेच उभी होती, सूप घेऊन. फादरांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. मोडक्या मालवणीत विचारलं, "येव काय?"

"येवा, फादर," ती म्हणाली. "तुमचो राग नाय माका. ज्येका माझा नाव म्हायत नाय, तो माझो दिवस कसो काढीत? माका तेव्हाच कळला, ह्या वळखीच्या माणसाचा काम." मग मोठ्याने हाक मारली, "कातरीन, हाड गो सायबिणीक. हात दुकले आसतले तुझे. बस्त्याव, तू पण ये."

सगळे आत जाऊ लागले. मीही फाटकाशी गेले. आनंदीने माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

"मार्था, तू थंयच रव."

मी थांबले. माझ्या बाजूने सगळी वाडी आत गेली, मी शिकवलेली पोरं गेली, त्यांची पोरं गेली. कुणी मला ये म्हटलं नाही आणि मी गेलेही नाही. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. आनंदीला ओटी भरायला दोन्ही हात हवे होते, म्हणून फादर जोबींनी सूप धरलं. त्यांच्या प्रबंधात सूप नक्कीच नसणार. तिने खण ठेवला, तांदळाच्या ओंजळी घातल्या, नारळ ठेवला आणि पेटीच्या काचेवर कपाळ टेकलं. ती रडत होती. फादर सूप धरून तसेच उभे होते आणि त्यांनी वही काढली नाही.

मग तेर्स सुरू व्हायचा. आणि सुरू होईना. कारण सुरू करते ती मी. आमची पद्धत अशी, की प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा एकाने म्हणायचा आणि उरलेला अर्धा सगळ्यांनी मिळून. फादरांना आमच्या बोलीतली प्रार्थना अजून पाठ नव्हती. कातरीनने सवयीने दारातून बाहेर माझ्याकडे बघितलं, मग आणखी दोघा-तिघांनी. माझं तोंड उघडलंही होतं.

आनंदीने कुणाकडे बघितलं नाही. तिने हात जोडले आणि सुरुवात केली. एक शब्द अडखळली नाही, एक शब्द गाळला नाही. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, इतकं स्वच्छ कुणी म्हटलेलं मला आठवत नाही, आणि तिला मी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. चौतीस वर्षं पहिला अर्धा माझा होता. त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर उभी राहून दुसरा म्हटला, पन्नास वेळा, आणि पन्नासही वेळा आनंदीच्या मागून.